संगणकाच्या पडद्यावर मणिचक्र: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

माझं पहिलं मणिचक्र दोन आठवडे उलटं फिरत होतं. मी हौसेने स्क्रीनसेव्हर तयार केला होता: काळ्या पडद्यावर सोनेरी नळकांडं आणि त्यावर ॐ मणि पद्मे हूँ. मावशी घरी आली. ती कित्येक वर्षं हातातलं मणिचक्र फिरवत जप करते. पडद्यासमोर उभी राहून तिने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "अगं, यात आधी हूँ येतंय आणि ॐ सगळ्यात शेवटी." मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खरंच, अक्षरं शेपटाकडून डोक्याकडे चालली होती.

मग सगळं नव्याने केलं आणि त्यात पाच-सहा गोष्टी कळल्या, ज्या आधी कोणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्हाला प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. सादरीकरणाच्या स्लाइड करता येत असतील तर एका सुट्टीच्या दिवसात हे काम होतं.

आधी थोडी ओळख

मराठीत चक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आऱ्यांचं धम्मचक्र येतं. मणिचक्र ती वस्तू नाही. तिबेटी परंपरेतलं हे फिरतं नळकांडं, तिबेटी नाव मणि खोर्लो. हातात धरायच्या चक्राला मधून दांडा असतो, वर डबा, डब्याला बारीक साखळी आणि साखळीच्या टोकाला वजन. मनगट हलकं फिरवलं की वजनाच्या ओढीने डबा फिरत राहतो. डब्याच्या पोटात मंत्र लिहिलेला पातळ कागद घट्ट गुंडाळलेला असतो, हजारो वेळा लिहिलेला तोच मंत्र. चक्र एकदा फिरलं की आतल्या सगळ्या मंत्रांचा जप झाल्याचं पुण्य लाभतं, अशी श्रद्धा आहे. मंत्र अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा. तिबेटी लोक त्याला चेनरेझिग म्हणतात. काठमांडूच्या बौधनाथला किंवा स्वयंभूनाथला गेला असाल तर स्तूपाभोवती ओळीने बसवलेली मोठी चक्रं तुम्ही हाताने फिरवली असतील.

"संगणकावर कसलं आलंय मणिचक्र?" हा प्रश्न मलाही विचारला गेला. पण हे चक्र हातानेच फिरवलं पाहिजे असं परंपरेत कधीच नव्हतं. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी चक्रं आहेत, वाऱ्यावर फिरणारी आहेत, दिव्याच्या उष्णतेने फिरणारी आहेत. विजेवर चालणारीही आली. तिबेटी बौद्ध परंपरेतले गुरू लामा झोपा रिन्पोचे यांनी तर कागदाऐवजी मायक्रोफिल्म वापरायला उत्तेजन दिलं, म्हणजे तेवढ्याच डब्यात कितीतरी जास्त मंत्र मावतात. १९९० च्या दशकात संगणक घरोघरी आले तेव्हा एक कल्पना पसरली: मंत्राची फाइल हार्ड डिस्कवर ठेवली की तबकडीबरोबर मंत्रही फिरतो. हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, त्यामुळे ती कल्पना लोकांना भावली. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते आणि तिच्यात फिरणारं काहीच नसतं. म्हणून पडद्यावर फिरवणं मला जास्त योग्य वाटतं. डोळ्यांना दिसतं आणि दिसलं की मंत्र ओठांवर येतो.

काय काय लागेल

- विंडोज, मॅक किंवा लिनक्स असलेला कोणताही संगणक
- पॉवरपॉइंट, किंवा अ‍ॅनिमेशन करून व्हिडिओ काढता येईल असं दुसरं साधन
- देवनागरी किंवा तिबेटी लिपीचा नीट फॉन्ट. तिबेटीसाठी विंडोजवर मायक्रोसॉफ्ट हिमालय आणि मॅकवर कैलास हे फॉन्ट मिळतात
- व्हिडिओला स्क्रीनसेव्हर करणारं एखादं सॉफ्टवेअर (पायरी ५ मध्ये सांगते)
- संगणक कार्यालयाचा असेल तर तिथल्या संगणक विभागाची परवानगी. ही आधी घ्या, कारण अशा यंत्रांवर स्क्रीनसेव्हर बदलण्याची सोय बऱ्याचदा बंद केलेली असते

पायरी १. दिशा कागदावर काढून घ्या

संगणकाला हात लावण्याआधी हे करा. मणिचक्र वरून पाहिलं असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. स्तूपाची प्रदक्षिणाही तशीच, स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून. (तिबेटमधल्याच बोन या वेगळ्या धर्मपरंपरेत दिशा उलट असते. तुम्ही त्या परंपरेतले असाल तर पुढचं सगळं उलटं वाचा.)

गोंधळ कुठे होतो बघा. "घड्याळाप्रमाणे" हे वरून पाहताना. पडद्यावर मात्र आपण चक्र समोरून बघतो. एक पेला घ्या, त्याला कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर मंत्र लिहा आणि पेला टेबलावर घड्याळाच्या दिशेने फिरवा. तुमच्याकडे तोंड असलेली बाजू उजवीकडून डावीकडे सरकताना दिसेल. पेल्याच्या मधोमध नजर स्थिर ठेवली तर आधी ॐ येतो, मग म, मग णि. वाचणाऱ्याला मंत्र ज्या क्रमाने भेटायला हवा त्याच क्रमाने तो भेटतो.

तेव्हा नियम एवढाच: चक्र समोरून दाखवत असाल तर अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकली पाहिजेत. वरून दाखवत असाल, म्हणजे गोल तबकडीसारखं, तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. मी "घड्याळाप्रमाणे म्हणजे डावीकडून उजवीकडे" असं मनाशी धरलं होतं आणि तिथेच चुकले. कागदावर बाण काढा आणि तो कागद कीबोर्डशेजारी ठेवा.

पायरी २. मंत्र अचूक लिहा

ॐ मणि पद्मे हूँ. मराठीत हुं, हूं, हुम् अशी बरीच रूपं दिसतात. मी दीर्घ ऊकार आणि चंद्रबिंदू घेऊन हूँ लिहिते. तुमच्या गुरूंनी वेगळं रूप दिलं असेल तर ते घ्या, पण सगळीकडे एकच ठेवा.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती द्मे या जोडाक्षराची. बरीच त्रिमितीय अक्षरांची साधनं एकेक अक्षर सुटं करून फिरवतात. मग द् वेगळा, म वेगळा आणि मात्रा भलत्याच जागी. तिबेटी लिपीत अक्षरं एकाखाली एक रचलेली असतात, तिथे तर विस्कटलेला मंत्र ओळखूही येत नाही. उपाय सोपा आहे: मंत्र आधी एखाद्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या आकारात टाइप करा, जोडाक्षरं नीट बसली आहेत का ते डोळ्यांनी बघा आणि मग त्याचं चित्र म्हणून जतन करा. यापुढे अक्षरं नाहीत, चित्र फिरवायचं आहे. चित्र तुटत नाही.

रंगांबद्दल. सहा अक्षरांना परंपरेने सहा रंग आहेत: ॐ पांढरा, म हिरवा, णि पिवळा, पद् निळा, मे तांबडा, हूँ काळा किंवा गडद निळा. वाचायला सुंदर वाटतं, पण देवनागरीत पद् आणि मे यांना वेगळे रंग द्यायला गेलात की द्मे फुटतोच. तास-दीड तास घालवून मी तो नाद सोडला आणि सगळा मंत्र एकाच सोनेरी रंगात केला. रंग हवेच असतील तर अक्षरांमागे सहा रंगांचे पट्टे द्या.

पायरी ३. पट्टी बनवा आणि सरकवा

खरं नळकांडं बनवायची गरज नाही. सरकणारी पट्टी आणि दोन्ही कडांना सावली एवढ्यावर डोळ्याला नळकांडं दिसतं.

पॉवरपॉइंटमध्ये काळी स्लाइड घ्या. मंत्राचं चित्र १० सेंटिमीटर रुंद करा. एकाखाली एक चार ओळी ठेवल्या तर चक्र भरलेलं वाटतं. या चित्राच्या आणखी दोन प्रती काढून तिन्ही शेजारी-शेजारी चिकटवा, मध्ये फट नको आणि एकावर एकही नको. तिन्ही निवडून ग्रुप करा. झाली ३० सेंटिमीटरची पट्टी.

स्लाइडच्या मधोमध १० सेंटिमीटर रुंदीची खिडकी ठेवायची आहे. डावीकडे आणि उजवीकडे काळे आयत ठेवून बाकीचा भाग झाका. पट्टीची डावी कड खिडकीच्या डाव्या कडेला लावा. पट्टी मागे, आयत पुढे.

आता पट्टी निवडा, अ‍ॅनिमेशनमध्ये जाऊन मोशन पाथ मधली सरळ रेषा घ्या आणि दिशा डावी ठेवा. रेषेचं लाल टोक ओढताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे मार्ग आडवाच राहतो. पट्टी जिथे थांबणार तिथे तिची फिकट छाया दिसते. दुसरा मंत्र खिडकीत बरोबर पहिल्याच्या जागी बसेल इतकंच अंतर ठेवा, म्हणजे नेमके १० सेंटिमीटर. मग पट्टी उडी मारून मूळ जागी आली तरी डोळ्याला कळत नाही, कारण आधी जे चित्र होतं तेच आताही आहे. अंतर जरासं कमी-जास्त झालं तर प्रत्येक फेरीला चक्र उचकी लागल्यासारखं हलतं. यावर वेळ घालवा.

इफेक्ट ऑप्शन्समध्ये स्मूद स्टार्ट आणि स्मूद एंड हे दोन्ही शून्यावर आणा. ते तसेच राहिले तर चक्र प्रत्येक फेरीला हळू होतं, थांबतं, पुन्हा पळतं. हातातलं चक्र असं फिरत नाही. काळ ४ सेकंद, पुनरावृत्ती ६० वेळा, सुरुवात आधीच्या हालचालीबरोबर.

शेवटी खिडकीवर एक आयत ठेवा आणि त्याला ग्रेडियंट द्या: दोन्ही कडांना गडद काळा, मध्ये पूर्ण पारदर्शक. ही पायरी केली आणि मी थक्क झाले. सपाट पट्टी एकदम गोल झाली, अक्षरं अंधारातून उजेडात येऊन पुन्हा अंधारात जाऊ लागली.

फाइल मेनूतून एक्सपोर्ट, तिथून व्हिडिओ. ६० फेऱ्यांचा सुमारे ४ मिनिटांचा व्हिडिओ तयार होईल. शेवटी पट्टी थांबलेली दिसत असेल तर तेवढं शेपूट कापा.

ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर खरं नळकांडं करा, ते अर्थातच देखणं होतं. तिथले दोन सापळे सांगून ठेवते. झेड अक्षावर धन कोन दिला की वस्तू वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून शून्यापासून उणे ३६० अंशांपर्यंत फिरवा. आणि कीफ्रेममधली गती लिनिअर करा, नाहीतर वर सांगितलेला थांबत-पळत चालण्याचा दोष तिथेही येतो.

पायरी ४. वेग आवरता ठेवा

जितकं वेगात फिरेल तितका जप जास्त, असं वाटून मी वेग वाढवत गेले. अक्षरं वाचता येईनात, तरी वाढवत राहिले. मग एक विचित्र गोष्ट झाली: मंत्र डावीकडे जात होता आणि सजावटीसाठी पट्टीच्या काठावर मी काढलेल्या कमळाच्या पाकळ्या उजवीकडे.

पाकळ्या खरंच उलट्या जात नव्हत्या. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला ३० स्थिर चित्रं. दोन चित्रांच्या मध्ये पाकळी अर्ध्या पाकळीच्या अंतरापेक्षा जास्त पुढे गेली, तर डोळा ती पाकळी मागून आलेल्या दुसऱ्या पाकळीशी जोडतो आणि त्याला ती मागे गेल्यासारखी दिसते. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ती याच कारणाने. एका मंत्राच्या रुंदीत २० पाकळ्या असतील तर मंत्राला खिडकी ओलांडायला साधारण १.३ सेकंदांहून कमी वेळ लागला की हा भास सुरू होतो. ४ ते ६ सेकंद ठेवलेत तर प्रश्नच येत नाही, आणि मंत्र वाचताही येतो.

पायरी ५. स्क्रीनसेव्हर म्हणून बसवा

विंडोजवर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन आणि तिथून स्क्रीन सेव्हर. यादीत थ्रीडी टेक्स्ट नावाचा पर्याय दिसतो आणि मोह होतो: मंत्र टाइप करा, स्पिन निवडा, झालं. मी तो सुचवत नाही. त्यात फिरण्याची दिशा निवडता येत नाही, आणि शब्द पाठमोरे होतात तेव्हा मंत्र आरशातल्यासारखा उलटा दिसतो. फोटोज हा पर्याय स्थिर चित्रांसाठी आहे, तो व्हिडिओ चालवत नाही.

व्हिडिओसाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. लाइव्हली वॉलपेपर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोजवर व्हिडिओ वॉलपेपर म्हणून लावतं आणि त्यात स्क्रीनसेव्हरचीही सोय आहे. मॅकवर बाहेरून आणलेला स्क्रीनसेव्हर पहिल्यांदा उघडताना यंत्रणा अडवते. सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते, आणि ती मूळ निर्मात्याकडून घेतलेल्या फाइललाच द्या. लिनक्सवर एक्सस्क्रीनसेव्हर आहे. लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये मुळात स्क्रीनसेव्हर नसतो, पडदा फक्त काळा होतो, म्हणून तिथे शोधत बसू नका.

सापळा: तयार "बौद्ध स्क्रीनसेव्हर" फुकट देणाऱ्या जागा भरपूर आहेत. विंडोजच्या स्क्रीनसेव्हर फाइलच्या नावाशेवटी डॉट एससीआर असतं, आणि ती फाइल म्हणजे पूर्ण ताकदीचा प्रोग्राम असतो. चित्राची किंवा व्हिडिओची फाइल समजून ती उघडू नका. त्यातून व्हायरस सहज येतो. ओळखीच्या ठिकाणाहून घेतली तरी आधी अँटिव्हायरसने तपासा.

आणखी एक. अशी फाइल डाउनलोड्समधूनच इन्स्टॉल केली तर विंडोज तिचा तिथलाच पत्ता लक्षात ठेवतं. महिन्याभराने डाउनलोड्स साफ केलं की चक्र गायब, आणि कारण काही केल्या सापडत नाही. आधी कायमच्या फोल्डरमध्ये हलवा, मग इन्स्टॉल करा.

पायरी ६. वेळांचं गणित जुळवा

"सगळं बसवलं, पण चक्र दिसतच नाही." ज्यांना मी हे शिकवलं त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते, आणि कारण एकच. संगणकात दोन घड्याळं चालू असतात: स्क्रीनसेव्हर किती मिनिटांनी सुरू व्हायचा आणि पडदा किती मिनिटांनी बंद व्हायचा. पडदा ५ मिनिटांनी बंद होणार असेल आणि स्क्रीनसेव्हर १० मिनिटांनी, तर चक्राची पाळी येतच नाही. मी स्क्रीनसेव्हर ३ मिनिटांवर आणि पडदा २० मिनिटांवर ठेवला आहे. लॅपटॉपवर चार्जर लावलेला असताना आणि नसताना अशा वेगवेगळ्या वेळा असतात, दोन्ही बघा.

रात्रभर चक्र फिरत राहावं म्हणून पडदा कायम चालू ठेवू नका. वीज वाया जाते, आणि ओलेड पडदा असेल तर एकाच जागी दिसत राहणाऱ्या आकाराचा कायमचा डाग पडू शकतो. चक्राच्या कडा स्थिरच असतात.

स्क्रीनसेव्हर सुरू होऊन लगेच मोडत असेल तर माउस उलटा करून ठेवून बघा. चकचकीत टेबलावर माउसचा बाण आपोआप थरथरतो आणि संगणकाला वाटतं कोणीतरी काम करतंय.

पायरी ७. चक्राचं पोट भरा

पडद्यावर दिसतं ते बाहेरचं आवरण. खऱ्या चक्रात महत्त्वाचा असतो तो आतला कागद, म्हणून मी व्हिडिओच्या फोल्डरमध्येच मंत्रांची एक साधी मजकूर फाइल ठेवते.

नोटपॅडमध्ये मंत्र एकदा लिहा आणि एंटर दाबा. मग कंट्रोल ए, कंट्रोल सी, कंट्रोल एंड, कंट्रोल व्ही. दोन मंत्र झाले. पुन्हा हेच केलं की चार, मग आठ. दहा वेळा केलं की १,०२४, आणि सतरा वेळा केलं की १,३१,०७२, म्हणजे लाखाच्या पुढे. फाइल जेमतेम ५ एमबीची होते. वीस वेळा केलं तर १०,४८,५७६ मंत्र आणि ४१ एमबी, पण शेवटच्या फेऱ्यांना नोटपॅड धापा टाकतं, घाई करू नका. कंट्रोल एंड विसरलात तर निवडलेल्या मजकुरावरच तो पुन्हा चिकटतो आणि संख्या वाढतच नाही. जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा. एएनएसआय निवडलं गेलं तर सगळ्या मंत्रांची प्रश्नचिन्हं होतात.

पहिला मंत्र मी तोंडाने म्हणत टाइप केला, आणि प्रत्येक दुपटीला एकदा म्हटला. मावशीनेच तसं सुचवलं होतं. ती म्हणाली, कागद गुंडाळणारेही जप करतच गुंडाळतात.

पायरी ८. बसवून झाल्यावर

प्रिव्ह्यू दाबा आणि पडद्यापासून दोन पावलं मागे या. खिडकीच्या मधोमध नजर स्थिर ठेवून अक्षरं येतील तशी वाचा. ॐ, मणि, पद्मे, हूँ, पुन्हा ॐ. पायरी १ मधला बाणाचा कागद शेजारी धरून ताडून बघा. मग संगणकावर बसणाऱ्या घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी व्हायरस समजून काढून टाकेल.

मी स्वतःला एक सवय लावली आहे. चहा घेऊन परत आले आणि चक्र फिरताना दिसलं की माउसला हात लावण्याआधी मंत्र एकदा म्हणते. पडद्यावरचं चक्र माझ्याशिवायही फिरतं, पण मी समोर असताना ते माझ्यासह फिरावं असं मला वाटतं.

जुनी आवृत्ती काढून टाकायची असेल तेव्हा घाईने कचरापेटीत ओढू नका. तिबेटी परंपरेत जीर्ण ग्रंथ पायदळी येऊ देत नाहीत, मंत्र म्हणत अग्नीला देतात. फाइल पुसताना मी ॐ आः हूँ म्हणते आणि मग पुसते.

मूळ स्लाइडची फाइल मात्र जपून ठेवा, नुसता व्हिडिओ नको. नवा पडदा घेतलात आणि त्याची लांबी-रुंदी वेगळी निघाली की जुना व्हिडिओ ताणला जातो, चक्र लठ्ठ दिसतं आणि अक्षरं पसरतात. स्लाइड हाताशी असली की पडद्याचं माप बदलून दहा मिनिटांत नवा व्हिडिओ काढता येतो.